हीटरशिवाय थंडी काढायची आहे : खाली कौलारू माजघर, वर पत्र्याची खोली

शिवाजीपेठ_जुनं_घर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. घर कोल्हापुरातलं, जुनं आहे. खालच्या भिंती दगड-मातीच्या, दीड-पावणेदोन फुटी. वर मंगलोरी कौलं, खाली शहाबादी फरशी. माजघरात सासूबाई झोपतात, वय ७२, मधुमेह आहे. मागच्या बाजूला जिन्यावरून पत्र्याची एक खोली चढवली आहे, १० बाय १२ ची. तिथे आम्ही दोघं आणि पाच महिन्यांचं बाळ.

पहाटे साडेपाचला माजघरात थर्मामीटर १८ दाखवतो, वरच्या खोलीत १४. वर पहाटे पत्र्यातून थेंबही गळतात. पाऊस नाही, टाकी नाही, तरी पांघरूण ओलं. वायरिंग जुनं आहे, लाकडी पट्टीवरचं. शेजारी सांगतात, २००० वॉटचा हीटर आणा. सासूबाई म्हणतात, पूर्वीसारखी निखाऱ्याची शेगडी ठेवा. घर भाड्याचं नाही, पण मोठं काम या वर्षी जमणार नाही. आधी काय करावं आणि काय अजिबात करू नये?

---

भिंत_आणि_छप्पर

ताई, हीटरचा हिशोब आधी करू, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

१० बाय १२ च्या, १० फूट उंच खोलीत हवा असते साधारण ३४ घनमीटर, वजनात ४१ किलो. ती पाच अंशांनी तापवायला जेमतेम ०.०६ युनिट लागतं. २००० वॉटचा हीटर ते दोन मिनिटांत करतो, म्हणून लावल्या लावल्या छान वाटतं. पण खोलीतला गारठा हवेत नसतो, तो भिंतीत, फरशीत आणि छपरात असतो. नऊ इंची विटेची १२ बाय १० फुटांची एकच भिंत घ्या, वजन जवळजवळ पाच टन. ती पूर्ण जाडीत एक अंश तापवायला एक युनिटाहून जास्त वीज जाते. त्यामुळे हीटर बंद केला की दहा मिनिटांत भिंती ती ऊब पिऊन टाकतात. रोज चार तास हीटर म्हणजे ८ युनिट, महिन्याला २४०. घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटांना दर चढतो, हे धरलं तर फटका नुसत्या २४० युनिटांचा बसत नाही.

कोल्हापूरची थंडी ही मुळात रात्री दोन ते सकाळी आठची थंडी आहे. दुपारी ऊन कडक असतं. तेव्हा घर तापवत बसण्याऐवजी तीन गोष्टी करायच्या: दुपारची ऊब घरात कोंडायची, छपरातून जाणारी थोपवायची, आणि माणूस व त्याचं अंथरूण तेवढं गरम ठेवायचं.

तुमच्या माजघराची जाड भिंत ही तुमची कमाई आहे. खोलीत १८ राहतात ते तिच्यामुळेच. दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या खिडक्या सकाळी अकरापासून उघड्या ठेवा, पडदे पूर्ण बाजूला. २१ डिसेंबरच्या आसपास आपल्याकडे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ५० अंशांवर असतो. दोन फुटी छज्जा असेल तर त्याची सावली खिडकीवर खाली २८ इंच येते. त्याखालचा भाग ऊन आत घेतो. मेमध्ये सूर्य जवळपास डोक्यावर असतो, म्हणून याच खिडकीतून दुपारचं ऊन येत नाही. तेव्हा हिवाळ्यात दक्षिणेची खिडकी कपाटाने अडवून ठेवू नका. फरशीवर ऊन पडतं त्या जागेवरची सतरंजी दिवसा गुंडाळून ठेवा, दगडाला तापू द्या.

खिडक्या लावायची वेळ संध्याकाळी पाच. सात वाजता लावल्या तर तोवर दुपारची ऊब बाहेर जायला लागलेली असते. बहुतेक घरांत नेमकी हीच चूक होते.

आता गळती. जेवणं झाली की पंखे बंद करून उदबत्ती पेटवा आणि दाराच्या फटी, खिडकीच्या चौकटी, आणि भिंतीचा माथा नि वासे भेटतात तिथली वळचण, अशी हळूहळू फिरवा. धूर आडवा झाला की तिथे फट. खालून दाराच्या फटीतून गार हवा येते, वरून वळचणीतून ऊबदार हवा जाते. वरची वाट अरुंद केली की खालचा वारा आपोआप मंदावतो. म्हणून सुरुवात वरून करा.

---

वायरमन_गल्ली

लाकडी पट्टीवरचं वायरिंग वाचलं आणि थांबलो. त्या वायरिंगवर हीटर लावू नका. "थोडा वेळच लावतो" हेही नको.

कारण असं. २००० वॉट म्हणजे २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर. भिंतीतलं लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं. हीटरचा जाड पिनांचा प्लग त्यात बसत नाही, मग लोक दुकानातून कन्व्हर्टर आणतात. त्या कन्व्हर्टरची पकड सैल असते. सैल जोडात समजा ०.२ ओहम रोध आला, तर तिथेच १५ वॉट उष्णता तयार होते. प्लगच्या पिनेजवळ लहान सोल्डरिंग आयर्न लावून ठेवल्यासारखं समजा. प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग वास येतो, मग पेटतं. एमसीबी (जास्त करंट आला की पडणारा स्विच) काही करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने करंट ठीकच आहे. जुन्या घरात तर एमसीबी नसून फ्यूज असतो, आणि तार कोणीतरी जाड घातलेली असते.

हीटर लावायचाच असेल तर मीटरजवळच्या बोर्डपासून स्वतंत्र लाईन ओढा. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, त्याला स्वतंत्र १६ चा एमसीबी, आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). गीझर त्याच लाईनवर नको. अर्थिंग तपासायला वायरमनला सांगा की फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा टेस्ट लॅम्प लावून दाखव. पूर्ण उजेडात लागला तर ठीक. मिणमिणला तर अर्थिंग फक्त नावाला आहे. आरसीसीबी बसवलेला असेल तर या चाचणीत तो लगेच पडेल, तेव्हा चाचणी त्याच्या अलीकडे, म्हणजे मीटरच्या बाजूला घ्यावी लागते. हे काम घरच्यांनी करायचं नाही.

हीटरचा प्रकार कोणताही घ्या, २००० वॉट म्हणजे २००० वॉटच. ९ फिनचा ऑइलवाला आणि ११ फिनचा ऑइलवाला, वॉट सारखे असतील तर ऊब सारखी. ऑइलवाल्यात लाल तार उघडी नसते, बाळाच्या खोलीला तो त्यातल्या त्यात बरा. हॅलोजनचा दांडीवाला समोरच्या माणसाला चटकन ऊब देतो, पण पडला किंवा गोधडी त्यावर गेली की संपलं. तीन फुटांच्या आत कापड नको.

---

टेंबलाई_टेकडी

हीटर खोलीतला प्राणवायू खातो, त्यामुळे बाळ असेल तर बंद खोलीत लावूच नये.

---

वायरमन_गल्ली

@टेंबलाई_टेकडी, विजेचा हीटर प्राणवायू खात नाही. त्यात काही जळत नाही. खोली तापली की हवेतली सापेक्ष आर्द्रता उतरते, म्हणून घसा आणि नाक कोरडं पडतं, आणि लोकांना वाटतं प्राणवायू संपला. प्राणवायू खातात त्या ज्योतीच्या वस्तू: शेगडी, गॅस, गॅस गीझर, कंदील. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं.

---

दवाखान्यातली_ताई

सासूबाईंच्या शेगडीबद्दल कोणी तरी स्पष्ट लिहायला हवं होतं, म्हणून लिहिते. झोपायच्या खोलीत निखाऱ्याची शेगडी नको. कधीच नको.

लोक धुराला घाबरतात आणि धूर नसलेल्या लालबुंद निखाऱ्यावर भरवसा ठेवतात. उलट आहे. धूर निदान डोळ्यांना झोंबतो, माणूस उठून बाहेर जातो. निखारा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकलाही येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपेतला माणूस या पायऱ्यांवर जागाच होत नाही. शेगडीशेजारी पाण्याची बादली ठेवली की वायू शोषला जातो, असं सांगतात. शोषला जात नाही. पूर्वी चालायचं कारण घरं फटींची होती. आता आपणच वरच्या सल्ल्याने फटी बुजवायला निघालोय, हे ध्यानात घ्या.

घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर सर्दी-ताप समजू नका. दारं-खिडक्या उघडायच्या, सगळ्यांना बाहेर काढायचं, १०८ ला फोन करायचा.

गॅस गीझरचंही तेच. थंडीत न्हाणीचा झरोका पुठ्ठा लावून बंद करतात आणि आत गीझर चालू. लहानशी न्हाणी, वाफ, बंद दार: प्राणवायू कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि तोच वायू तयार होतो. गॅस गीझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि पाईप आत आणायचा. आत असेल तर या वर्षी बाकी सगळं राहू दे, हे एक काम करा.

आता सासूबाई. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवून झोपल्या तर भाजल्याचं कळत नाही, सकाळी फोड दिसतो. पिशवीने अंथरूण अर्धा तास आधी गरम करायचं आणि त्या आडव्या झाल्या की पिशवी बाहेर. पायात सैल लोकरी मोजे, घट्ट इलॅस्टिकचे नकोत. रात्री उठायची वेळ सर्वांत धोक्याची: उबेतून उठून गार फरशीवर पाय. खाटेच्या उशाशी चप्पल, हाताशी शाल, वाटेत लहान दिवा. पहाटे पाचची आंघोळ हिवाळ्यापुरती अकरावर न्या. थंडीत रक्तदाब चढतो. देव रागावत नाही.

सूचना एकच: हुडहुडी भरून ती अचानक थांबली, बोलणं अडखळायला लागलं, गोंधळल्यासारख्या वागल्या, तर ऊब मिळाली असं समजू नका. लगेच दवाखाना.

बाळाचं वेगळं. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, ते तसेच असतात. मानेमागे किंवा छातीवर हात लावून बघा. तिथे ऊबदार असेल तर पुरे, घाम असेल तर एक थर काढा. आपल्याला जितके थर लागतात त्यापेक्षा एक जास्त. अंगातलं झबलं सुती, वर लोकरी. बाळावर सुटी वाकळ किंवा जड रजई नको, ती तोंडावर सरकते. झोपेत कानटोपीही नको. गरम पिशवी बाळाच्या अंथरुणात ठेवायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंडीत घरात १८ अंश ही किमान मर्यादा धरली आहे, आणि म्हातारी माणसं, लहान मुलं, आजारी यांना त्याहून जास्त लागू शकतं असंही म्हटलंय. तुमचं माजघर काठावर आहे. वरची खोली १४ वर आहे, म्हणजे बाळाला खाली हलवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. जागा असेल तर आजच.

---

शिवाजीपेठ_जुनं_घर

सगळ्यांचे आभार. बाळाला घेऊन खाली येतोय, जागा करता येईल. उदबत्ती फिरवली. दाराखाली तर आहेच, पण वळचणीला धूर सरळ वर ओढला जातो, तीन बाजूंनी. तिथे काय भरायचं? उंदीर आहेत. आणि पत्र्यातून गळतं ते कशाने?

---

भिंत_आणि_छप्पर

वळचण पूर्ण बंद करू नका. स्वयंपाक त्याच घरात होतो, धुराला आणि ओलाव्याला वाट हवी. झोपायच्या खोलीवरची वळचण बुजवा, स्वयंपाकघराकडची तशीच ठेवा. आधी बारीक जाळी, पाव इंची छिद्राची, वाशांना खिळ्यांनी ठोका, उंदरांसाठी तीच. मग जाळीच्या आतल्या बाजूने जुनं बारदान गुंडाळ्या करून दाबून भरा. कापूस किंवा चिंध्या सुट्या भरल्या तर उंदीर घरटं करतात. फोमचा स्प्रे वापरू नका, तो कौलं काढताना रीपांना चिकटून राहतो आणि पेटतोही.

माजघराला तक्तपोशी (कौलांखालचं लाकडी छत) नसेल तर हिवाळ्यापुरता साधा चांदवा बांधा. जुन्या नऊवारी दोन-तीन शिवून जोडा, खाटेवर सहा-सात फुटांवर चार कोपऱ्यांना दोऱ्या. हे शोभेचं नाही. रात्री आभाळ निरभ्र असतं, कौलं आकाशाकडे उष्णता फेकून हवेपेक्षाही गार होतात, आणि खाली झोपलेल्या माणसाच्या अंगातली ऊब त्या गार छपराकडे जात राहते. मध्ये कापड आलं की ती थांबते. मच्छरदाणी लावत असाल तर तिच्या माथ्यावर एक सोलापुरी चादर टाकली तरी फरक कळतो. बाजू मोकळ्याच ठेवा, श्वासाला हवा लागते. चांदव्याखाली समई, कॉइल, उदबत्ती काही नको.

दारासाठी: फट अर्ध्या इंचापेक्षा जास्त असेल तर दाराच्या आतल्या बाजूला अॅल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेला ब्रश किंवा रबर मिळतं, तीन फुटी. स्क्रूने लावा, नुसत्या चिकटपट्टीवर जुन्या सागवानी दाराचा तेलकट पृष्ठभाग धरत नाही. उंबरा झिजून मध्ये खोलगट झाला असेल तर सरळ पट्टी बसणार नाही, मग लुगड्याची लांब पिशवी शिवून तिच्यात वाळू भरा आणि रात्री दाराशी सरकवा. बिनखर्ची आणि उंबऱ्याच्या खोलगटपणात नीट बसते. लाकडी खिडकीला चौकटीच्या खाचेत चिकटणारी फोमपट्टी लावा. जाडी ठरवायला कागदाची चिठ्ठी खाचेत ठेवून खिडकी बंद करा आणि ओढा. सहज निघाली तर फट आहे. जाड पट्टी घेतली तर कडी बसत नाही, आणि मग लोक पट्टीच उपटून टाकतात.

---

पत्रा_आणि_फॅब्रिकेशन

गळतं ते दव आहे, आणि ते तुमचंच आहे. दोन माणसं आणि बाळ रात्रभर श्वास सोडतात, वाळत घातलेले लंगोट असतील तर त्यांचाही ओलावा. पत्रा निरभ्र आकाशाखाली हवेपेक्षा गार होतो, आतली दमट हवा त्याला लागली की गार तांब्यावर जसं पाणी धरतं तसं धरतं. पहाटे थेंब मोठे झाले की पडतात.

म्हणून वरच्या खोलीत कपडे वाळत घालणं आजपासून बंद, आणि वरची एक लहान खिडकी बोटभर उघडी. गारठा वाढेल असं वाटेल, पण कोरडं पांघरूण ओल्यापेक्षा कितीतरी उबदार.

पुढच्या वर्षी काम करायचं झालं तर पत्र्याखाली चार ते सहा इंच सोडून छत घ्या. वर ५० मिलिमीटर रॉकवूल (दगडी धाग्यांची लोकर), खाली फायबर सिमेंटचा बोर्ड, आणि बोर्डाच्या वर, रॉकवूलच्या खाली २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. प्लास्टिक गरम बाजूला, म्हणजे खोलीकडे. उलटं लावलं तर ओलावा लोकरीत अडकून ती भिजते आणि निकामी होते. जोड चिकटपट्टीने बंद करा. छताच्या वरची पोकळी मात्र दोन्ही टोकांना हवेशीर ठेवा.

चांदीसारखा बुडबुड्यांचा फॉइल लोक पत्र्याला चिकटवतात आणि म्हणतात फरक नाही पडला. कसा पडेल? फॉइलची चमक कामाला येते ती समोर हवेची पोकळी असेल तरच. किमान एक इंच सोडा. थर्माकोल स्वस्त आहे आणि ऊबही धरतो, पण पेटला की वितळून जळते थेंब खाली पडतात. झोपायच्या खोलीत मी सुचवणार नाही.

पत्र्याच्या नळ्या भिंतीवर येतात तिथली अर्धगोल भोकं बघा. त्यात बसणारी फोमची नळीदार पट्टी पत्र्याच्या दुकानात मिळते. पत्र्याचं प्रोफाइल सांगून घ्या, नाहीतर लाटा जुळत नाहीत. पत्रा धरणाऱ्या जे-हुकांचे वॉशर सुकून तडकले असतील तर तेही बदला. ते पावसाळ्यासाठीसुद्धा लागतातच.

---

मेंढरं_आणि_माग

पांघरुणाबद्दल कोणी लिहिलंच नाही, म्हणजे शहरात सगळे ब्लँकेटवाले झाले.

भावा-बहिणींनो, अंगावर किती याहून अंगाखाली काय, हे आधी बघायचं. आपल्या वजनाने खालचा कापूस चेपतो, त्यातली हवा निघून जाते, आणि हवा हीच खरी ऊब. जमिनीवर झोपत असाल तर फरशीवर आधी काथ्याची चटई, मग सतरंजी, मग गादी. खाट असेल तर पट्ट्यांमधून खालून वारा लागतो. गादीखाली घोंगडं अंथरा. जुनी दबलेली गादी पिंजून घेतली की नव्यासारखी ऊब देते, नवी घ्यायची गरज नाही.

घोंगडं घ्यायचं तर पट्टणकोडोलीसारख्या ठिकाणचं, दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, मागावरचं. ओळखायला एक धागा सुटा करून जाळा: लोकर केस जळल्यासारखी वास देते, राख चुरगळते. कृत्रिम धागा वितळून कडक गोळी होतो. नवं घोंगडं ताठ असतं कारण धाग्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते. गार पाण्यात बुडवून काढा, पिळू नका, सावलीत आडवं वाळवा. दोन-तीन वेळा असं केलं की मऊ पडतं. गरम पाणी आणि वॉशिंग मशीन नको, आक्रसून नमदा होतो. टोचतं म्हणतात त्यांनी अंगाला सुती वाकळ घ्यावी आणि घोंगडं तिच्यावर. तेच बरोबर आहे: आतली वाकळ धुता येते, वरचं घोंगडं वारा अडवतं. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा ओला न लागता धरते, त्यामुळे वरच्या खोलीतल्या दवाला हेच उत्तर.

वाकळ मात्र ओलावा धरली की गार पडते. दर तीन-चार दिवसांनी अकरा ते दोन उन्हात, दोन्ही बाजूंनी. संध्याकाळी पाचनंतर दोरीवर राहिली तर पुन्हा दमट होते, सगळं ऊन वाया.

---

गुऱ्हाळ_करवीर

आमच्याकडं हंगामात शेतात झोपणाऱ्यांसाठी पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याची गादी करतात, ती सांगतो. कोरडं पाचट, कांडं-माती झटकून, पोत्यात अर्धा फूट जाड दाबून भरायचं, तोंड दाभणानं शिवायचं. खाली प्लास्टिकचा कागद, कारण जमिनीचा ओलावा वर चढतो. वर बारदान, मग वाकळ. लई ऊब धरतंय. पण दर पंधरवड्याला पाचट बदलायचं, नाहीतर कुजतंय आणि किडे होतात. आणि जवळ बिडीसुद्धा नको. घरात नको, खोपीलाच ठीक.

---

वायरमन_गल्ली

ताई, विजेवर काहीतरी हवंच असेल तर गादीवर अंथरायचं इलेक्ट्रिक ब्लँकेट बघा. ६० ते १०० वॉट, लहान सॉकेटवर चालतं. ८० वॉटचं रात्रभर, आठ तास चालवलं तरी पाऊण युनिटापेक्षा कमी. पण रात्रभर चालवायची गरजच नाही. झोपायच्या आधी अर्धा तास चालू, झोपताना बंद. आयएसआय चिन्ह असलेलं घ्या. घडी घालून ठेवू नका, गुंडाळून ठेवा. आतली तार घडीवर तुटते आणि तिथे ठिणगी पडते. सेफ्टी पिन नको, त्यावर गरम पाण्याची पिशवी नको, अंथरूण ओलं होणाऱ्या बाळाला अजिबात नको. मधुमेहाचं दवाखान्यातल्या ताईंनी लिहिलं तेच इथेही: झोपताना प्लग काढायचाच.

रबरी पिशवीबद्दल: दोन लिटरची पिशवी दोन तृतीयांश भरा. उकळतं पाणी ओतू नका, उकळी आल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा. पिशवी उभी धरून, वरची हवा दाबून काढून मग झाकण लावा. हवा राहिली तर ती पाण्याने तापून पिशवी फुगते आणि झाकणाशी गळते. आतला वॉशर कडक झाला असेल किंवा रबराला दुमडल्यावर बारीक चिरा दिसल्या तर पिशवी टाकून द्या, चिकटवू नका.

आंघोळीच्या पाण्याचा खर्च लोक उगाच वाढवतात. १५ लिटरचा गीझर २० अंशांवरून ६० ला न्यायला ०.७ युनिट आणि २००० वॉटवर वीसेक मिनिटं लागतात. त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं की ४० अंशांचं ३० लिटर, म्हणजे दीड बादली. एकामागून एक आंघोळी उरका. सकाळभर चालू ठेवलेला गीझर गार होतो नि पुन्हा तापतो. तांब्याचा बंब अजून असेल तर तो अंगणातच पेटवा, न्हाणीत नाही.

---

शिवाजीपेठ_जुनं_घर

बंब आहे, अंगणातच असतो. बारदान आणि जाळी आज आणते. एक राहिलं: घोंगडं उन्हाळ्यात कसं ठेवायचं? मागचं कसरीने खाल्लं.

---

मेंढरं_आणि_माग

होळीनंतर, थंडी गेली याची खात्री झाली की. कसर लागते ती मळलेल्या, घामट जागी. म्हणून ठेवण्याआधी धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात, दर दोन तासांनी उलटून. नुसतं झटकून ठेवलं तर अंडी घडीत राहतात. पूर्ण गार झाल्यावर घडी घाला, गरम असताना घातली तर ओल धरते. सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. मध्ये वाळलेला कडुनिंब किंवा डांबरगोळ्या, पण गोळ्या कापडात बांधून. बाळ असलेल्या घरात डांबरगोळ्या टाळा, कडुनिंबच वापरा. श्रावणात पाऊस उघडला की एकदा बाहेर काढून ऊन दाखवा आणि घडी वेगळ्या जागी मोडा. जुन्या घडीच्या आडोशालाही कसर लागते.